प्लग ओला की कोरडा

मशीन चालू झाली नाही की सुभद्राकाकू तिच्याकडे पाठ करून बसायच्या. दोनदा दोरी ओढायची, नाहीच पेटली तर सरळ सावलीत जाऊन चहा प्यायचा. कुणी घाई केली की म्हणायच्या, "तिला बी दम खाऊ द्या की!"

मशीन म्हणजे झाडं कापायची जुनी चेनसॉ. रंग उडालेली, मूठ तारेनं बांधलेली. वडवणीकडच्या आमच्या गावात काका ती घेऊन बांधावरच्या बाभळी कापत. ते गेले आणि काकूंनी काम हातात घेतलं. त्यांचे दीर भानुदास रोज दारात येऊन बसत. "वैनी, हे बाईमाणसाचं काम हाय का? मशीन आमच्याकडं द्या."

"कावून? दोरी कुणी वढली हे मशीनला कळतंय का?"

मला हे उत्तर भारी आवडायचं. काकूंची चूल त्या मशीनवर पेटत होती. ती गेली असती तर त्यांना दिराच्या दारात हात पसरावा लागला असता, आणि काकूंनी त्यापेक्षा उपास काढले असते.

एकदा वावटळीनं कडुलिंब रस्त्यावर आडवा पडला. काकू शेतात होत्या. भानुदासकाकांनी परस्पर मशीन उचलून आणली, चोक ओढला आणि खांदा भरून येईपर्यंत दोरीला झटके दिले. मशीन ढिम्म. "खटारा झाली ही," चारचौघांत ते म्हणाले, "उद्या भंगारात घालतो."

तेवढ्यात काकू आल्या. पदर खोचला, खाली बसल्या आणि प्लग काढून मला दाखवला. "ओला हाय. कोरडा असता तर पेट्रोल पोचंना म्हणले असते. हिचं पोट भरलंय, अन् भावजी वरून कोंबायलेत!"

लोक हसले. काकू हसल्या नाहीत. प्लग पुसून त्यांनी तापलेल्या दगडावर ठेवला. चोक बंद केला, मशीन उलटी धरून दोरी ओढली, तसं आतलं पेट्रोल बाहेर उडालं. मग पाठ करून बसल्या. दोन्ही बाजूंना गाड्या थांबलेल्या, हॉर्न वाजताहेत, आणि ही बाई निवांत! शेवटी प्लग बसवला, मुठीत पाय रोवला, दोरी ओढली. मशीन भुंकायला लागली. दिरानं हात पुढे केला. काकूंनी त्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही. लिंब त्यांनीच कापला.

यंदा उन्हाळ्यात काकू गेल्या. सरणाला लाकडं हवी होती. भानुदासकाकांनी तीच मशीन घेतली आणि पुन्हा तेच, झटक्यावर झटके. सासरहून आलेली काकूंची लेक कविता उठली. "काका, व्हा बाजूला." डोळे पुसून तिनं प्लग काढला.

"रडायचं सोडून काय करतीय ही," कुणीतरी पुटपुटलं. दुसरा म्हणाला, "शेजारच्या गावातून दुसरी मशीन आणा, लई उशीर व्हायलाय."

"कावून?" भानुदासकाका त्याच्यावर खेकसले. मग कविताकडे वळून हळूच म्हणाले, "ओला हाय का कोरडा?"

"ओला."

त्यांनी प्लग तिच्या हातातून घेतला, धोतराला पुसला, दगडावर ठेवला आणि मशीनकडे पाठ करून बसले. आम्ही सगळेच बसलो. माझा हुंदका तेव्हा फुटला.

थोड्या वेळानं मशीन भुंकली. दोरी कविताच्या हातात होती. भानुदासकाकांनी ती मागितली नाही.