पुलाखालचं पांढरं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लेकीला नाही, बहिणीला नाही, आणि आमच्या ह्यांना तर — थांबा, ह्यांच्याकडे नंतर येते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असलात तरी रस्त्यात भेटल्यावर ओळख दाखवणार नाही. पुण्यात एवढं सौजन्य अजून शिल्लक आहे.

गोष्ट एका नदीची आहे. साडेतीन फूट लांब, वीतभर रुंद. नारायण पेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या खोलीत, प्लायवूडच्या टेबलावर. हे निवृत्त झाले आणि लहानपणापासून मनात असलेली छोटी रेल्वे त्यांनी मांडायला घेतली — रूळ, बोगदा, स्टेशन आणि मधोमध दरी. दरीवरचा पूल त्यांनी आठ महिने बांधला. चिमट्यात एकेक पट्टी धरून, श्वास रोखून. त्याच आठ महिन्यांत न्हाणीघरातला नळ गळत होता, हे वेगळं सांगायला नको.

पूल झाला, पण खालचं पाणी काही जमेना. मग ह्यांच्या रेल्वेवेड्या मंडळींपैकी कुणीतरी नलिनीताईंना घेऊन आलं. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नाही, एकट्या राहणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. आणि मी — एकोणसाठ वर्षांची कोवळी पोर — पहिल्याच दिवशी कान टवकारून बसले.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली होती मी. तारेच्या दोन्ही टोकांना काय चाललंय ते ऐकायची सवय पेन्शन सुरू झाली म्हणून सुटते का? हे त्यांना ताई म्हणायचे — म्हणजे नक्कीच काहीतरी लपवायचं असणार. त्या चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधून आणायच्या — एवढं परकेपण उगाच कोण पाळतं? एकदा दोघं सकाळी लकडी पुलावर गेली, पाण्याचा रंग बघायला. दोन तास. मला सांगा, मुठेच्या पाण्याकडे शुद्धीवर असलेलं माणूस दोन तास बघतं का? परत आल्यावर मी ह्यांचा सदरा हुंगला. टर्पेंटाइनचा वास आला. मी म्हटलं, बरोबर आहे — दुसरा वास झाकायलाच टर्पेंटाइन लावलेलं आहे.

हसा. मीही हसते त्या बाईला. फक्त हसून झालं, की ती अजून समोर बसलेली असते.

कारण खरं दुखणं सदऱ्यात नव्हतंच. एकदा जेवताना हे म्हणाले, नलिनीताई म्हणतात पाणी निळं नसतं. तळाला जे असतं तेच वर दिसतं. मी भात कालवत राहिले. चौतीस वर्षांच्या संसारात माझं एखादं वाक्य ह्यांनी असं जपून दुसऱ्या कुणाला सांगितलं असेल का? नसावं. की मी तसं वाक्य कधी बोललेच नव्हते? हा दुसरा प्रश्न तेव्हा पडला नाही. पडायला हवा होता.

मंडळींचं प्रदर्शन ठरलं होतं, एका शाळेच्या सभागृहात. नलिनीताईंनी नदीशेजारी ठेवायला एक छोटं कार्ड लिहिलं होतं — ‘जलदृश्य’, आणि खाली स्वतःचं नाव. मला दाखवलं त्यांनी ते. म्हणाल्या, आयुष्यभर मुलांची चित्रं भिंतीवर लावली वहिनी, माझं असं काही कुठे लागलंच नाही. मी म्हटलं, वा, अक्षर छान आहे हो तुमचं. आणि मनात म्हटलं — अस्सं?

आता पाण्याचं सांगायला हवं. ते खरं पाणी नसतं. दोन बाटल्यांतली दोन द्रव्यं असतात, दोनास एक या मापाने. मिसळून ओतायची, वर पुठ्ठा झाकायचा, दिवसभरात काचेसारखं घट्ट होतं. पुलाचे खांब आधीच तळाशी रोवलेले असतात, त्यांच्या भोवतीनं ओतायचं. एकदा ओतलं की परत नाही. माप धरायचं काम नलिनीताईंचं, कारण ह्यांचा हात हल्ली कापायचा.

ओतायच्या दिवशी दुपारी चारला त्या येणार होत्या. हे झोपले होते. मी त्या खोलीत गेले आणि छोट्या बाटलीत दोन चमचे पाणी घातलं. फिल्टरचं घातलं — जसं काही पाहुण्यालाच द्यायचं होतं. आयुष्यभर दूधवाल्याला बोल लावले, आणि ते काम इतक्या सफाईने केलं की बाटलीचं झाकण पुसूनसुद्धा ठेवलं.

नदीत पाणी पडलं तर काय बिघडतं, असं मला वाटलं होतं — असं लिहिणार होते. खोटं आहे ते. आदल्याच दिवशी हे कोरडा चमचा मागायला स्वयंपाकघरात आले होते आणि म्हणाले होते, थेंबभर पाणी लागलं तरी सगळं नासेल. मला माहीत होतं. म्हणून तर घातलं.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठा काढला. खाली पांढरं, ताकासारखं, बोट लावलं की चिकटणारं. खरवडावं तर पूल मोडणार. हे बराच वेळ वाकून बघत राहिले. मग सरळ झाले आणि म्हणाले, “मापं तुमच्याकडे होती.” एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. नलिनीताईंनी पुन्हा पुन्हा बाटल्यांवरचं लिहिलेलं वाचलं. मग ते कार्ड उचललं, पर्समध्ये ठेवलं, थर्मास घेतला. मी दारापर्यंत सोडायला गेले. हो, गेले ना. चप्पल नीट करून दिली.

तरीही कबुली द्यायची ती ही नाही. त्या बाटलीचं मी एखाद्या दिवशी हसत हसत सांगूनही टाकलं असतं.

पुढे पाच-सहा महिन्यांनी त्या मंडईत भेटल्या. मी मटार निवडत होते. इकडचं तिकडचं बोलल्या नाहीत. मंडळींकडे जाणं बंद केलंय म्हणाल्या. तिथे सगळे हसण्यावारी नेतात, पण बाटल्या कुणी हातात देत नाही. मग जरा जवळ आल्या. “वहिनी, तुम्ही घरात होतात. खरं सांगा — माझं माप चुकलं होतं का हो? मला आता रंग कालवतानासुद्धा खात्री वाटत नाही.”

बघा, काय सोपं होतं. नाही, एवढा एक शब्द. बाकी काही सांगायचीही गरज नव्हती. तोपर्यंत मला संशयही उरला नव्हता. त्यांच्यात काही नव्हतं हे मला तो पुठ्ठा काढला तेव्हाच कळलं होतं. मनात काही असलेला माणूस समोरच्याला इतका सरळ दोष देत नाही.

मी म्हणाले, “होतं हो असं. वय झालं की हाताचा भरवसा राहत नाही.”

त्यांनी मान डोलावली. मी मटार पिशवीत भरले. चांगले गोड निघाले.

त्या आता हडपसरला भाचीकडे असतात. ब्रशला हात लावत नाहीत, असं कानावर आलं. पत्ता माझ्याकडे आहे. बस थेट जाते.

नदी अजून तशीच आहे, धूळ बसून पिवळट झालेली. गाडी वरून धावते. परवा नात आली होती. तिने ह्यांना विचारलं, आजोबा, पाणी पांढरं का? ह्यांनी गाडीवरची नजर काढली नाही. म्हणाले, “आजीला विचार. तिला माहीत आहे.”

म्हणजे? कधीपासून? त्या बाटलीचा वास त्यांनी तेव्हाच घेतला होता, की नंतर कधीतरी? आणि तेव्हाच घेतला असेल, तर ‘मापं तुमच्याकडे होती’ हे वाक्य त्यांनी नक्की कुणाला ऐकवलं? त्या दिवसांत मी ह्यांच्या सदऱ्यांचे वास घेत होते. हे काय घेत होते, कोण जाणे. मी विचारलेलं नाही. त्यांनीही पुढे काही म्हटलेलं नाही. रात्री आमटीत मीठ बरोबर आहे म्हणाले.

नातीला मी सांगितलं, पावसाळ्यात असतं गं असं पाणी.

नलिनीताईंचं माप बरोबर होतं. दोनास एक.