पळणाऱ्यापुढचे म्हात्रेदादा

मार्च महिन्यात आयर्लंडमधल्या ॲथलोनच्या मैदानावर बूट-मोजे काढून अनवाणी चालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. शॅनन नदीवरून येणारा वारा कान कापत असायचा, आम्ही जाकिटाच्या खिशातून हात बाहेर काढायला तयार नसायचो, आणि म्हात्रेदादा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्या चिखलातून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला शांतपणे जात. परत आले की खेळाडूंना सांगत, डावीकडच्या कोपऱ्यात पाणी धरलंय, तिकडे वळू नका. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी नवस असेल. विचारलं तर म्हणाले, "पाय आधी घरचे होऊ देत पुणेकर, मग बूट घालायचे." त्यांच्या बोटांचा जांभळा रंग बघून शहारा मात्र मला आला.

दिगंबर म्हात्रे मूळचे पेणकडच्या खाडीकाठचे. ॲथलोनला वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनीयर होते. आठवडाभर नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत वावरायचं, धुळीचा कण आत येऊ द्यायचा नाही, आणि रविवारी मनसोक्त चिखलात लोळायचं. सुजातावहिनी म्हणायच्या, "कंपनीत अडवलेली सगळी धूळ हे रविवारी माझ्या घरात आणतात." देह असा, की दारात उभे राहिले तर खोलीतला उजेड कमी व्हायचा. तरुणपणी गावाकडे कबड्डी खेळलेले, तीही पकडीतली. इकडे आल्यावर त्यांना अमेरिकन फुटबॉलचा एक हौशी क्लब सापडला. आयर्लंडमध्ये हा खेळ खेळणारी माणसं मुळातच थोडी, त्यामुळे चाळिशी उलटलेल्या या आडदांड गृहस्थाला नको म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. तिथे सगळे त्यांना डिग्ज म्हणायचे.

मला क्लबात ओढलं ते त्यांनीच. मी टेलिकॉम कंपनीत सॉफ्टवेअरवाला आणि अंगाने काडीपैलवान. "खेळू नकोस बाबा, मोडशील," ते म्हणाले. "रेषेवर साखळी धरून उभा राहा." दहा यार्ड पुढे गेले की नाही हे मोजायला या खेळात मैदानाच्या कडेला खरोखरच साखळी धरावी लागते. ती चार मोसम मी धरली आणि म्हात्रेदादांना हाताच्या अंतरावरून पाहिलं.

खेळाचे नियम समजायला मला बराच काळ लागला, पण दादांचं काम लगेच समजलं. पुढे पाच दांडगे ओळीने वाकून उभे राहतात, मागे चेंडू घेऊन पळणारा एकच असतो. पाचांनी समोरच्यांना रेटून फट पाडायची आणि पळणाऱ्याने त्या फटीतून निसटायचं. फट क्षणभर टिकते. दादांच्या हाताला चेंडू कधीच लागत नसे. त्यांचं डोकं कुणाच्या तरी छातीत रुतलेलं असे, आणि मागचा माणूस निसटला की नाही हे त्यांना फक्त लोकांच्या ओरडण्यावरून कळे. "नाव पळणाऱ्याचं, पाठ आपली," असं ते म्हणत. यात तक्रारीचा सूर नसायचा, उलट थोडा तोराच असायचा.

त्यांच्या ताकदीचा मला अचंबा वाटे. एकदा कॉर्कहून आलेला एक लालबुंद तरुण त्यांना शिव्या घालत अंगावर आला. दादांनी त्याला दोन्ही हातांनी धरलं, बाळाला पाळण्यात ठेवावं तसं गवतावर आडवं केलं आणि काळजीने वाकून विचारलं, "यू ग्रँड?", म्हणजे ठीक आहेस ना. तो पोरगा पुढे सामनाभर त्यांच्याशी अदबीने वागला. नंतर मी कौतुक करायला गेलो तर म्हणाले, "ढकलायचं नसतं रे. आधी जागा मागायची. नाही दिली तर मग घ्यायची."

आमचा पळणारा होता टोबी. आईवडील लागोसचे, पण त्याचा सगळा जन्म ॲथलोनमधला. तो विद्यापीठात शिकायचा आणि उरलेल्या वेळात एका गोदामात काम करायचा. हा मुलगा चेंडू घेऊन सुटला की मी साखळी धरलीय हे विसरून जायचो, त्यावरून दोनदा पंचांची बोलणीही खाल्ली. तिसऱ्या मोसमाच्या शेवटी त्याला डब्लिनकडच्या एका क्लबाने बोलावणं पाठवलं. तिथल्या स्वोर्ड्स गावात राहायला खोली आणि वर रोख पैसे. त्या पैशांत एक बरी जुनी गाडी आली असती. टोबीने सरळ आमच्यासमोर येऊन सांगितलं, "मला जायचं नाही, माझी आई इथे आहे. तेवढेच पैसे तुम्ही दिलेत तर गोदाम सोडतो आणि इथेच खेळतो."

आमच्या क्लबात कुणालाच पैसे मिळत नसत. उलट प्रत्येकजण वर्गणी भरून मार खायला यायचा. केक विकून, गाड्या धुऊन जमवलेला थोडा निधी होता, तो नवी शिरस्त्राणं घ्यायला ठेवला होता. तो सगळा एका माणसाच्या पायांवर ओतायचा का, यावर बैठक बसली. अर्धे म्हणाले, तो गेला तर आपण एकही सामना जिंकणार नाही. अर्धे म्हणाले, उद्या मीही मागेन. शेवटी अध्यक्ष आणि प्रशिक्षक असं दोन्ही असलेला डेक्लन म्हणाला, "डिग्ज, फट तुम्ही पाचजण पाडता. तूच सांग."

दादा उठले. त्यांनी त्यांच्या गावची गोष्ट सांगितली. गावच्या मंडळाने एका वर्षी जत्रेतल्या स्पर्धेसाठी मुंबईहून पैसे देऊन चढाईपटू आणला होता. त्याने गुण भरपूर आणले, पण पकडीला हातात हात घालून उभी राहणारी गावची पोरं ढिली पडली. पैसे त्याला, मग गुडघे आम्ही का फोडायचे? "हे पहिल्यांदा मीच बोललो होतो," दादा म्हणाले. "मग सगळेच बोलायला लागले. आम्ही हरलो. मंडळही पुढे टिकलं नाही. मी चांगला माणूस आहे असं मला वाटतं, तरी माझ्या मनात ते आलं. तुमच्याही येईल."

मग मतं घेतली. हात वर झाले ते नकाराचे. टोबीने सगळ्यांशी हात मिळवला, "नो हार्ड फीलिंग्ज, लॅड्स," म्हणाला आणि गेला. दादांनी त्याचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला होता. गाडीत मला म्हणाले, "बरोबर केलं ना आपण?" मी बरोबरच म्हणालो. मला तसं वाटतही होतं.

पुढचा मोसम वाईट गेला. दादा आणि बाकीचे चौघे जीव तोडून फट पाडत, आणि नवा पळणारा पोचेपर्यंत ती मिटून जाई. "दार उघडून किती वेळ उभं राहायचं रे?" दादा वैतागत. "पाहुणे येतच नाहीत!" मी त्यांना टोबीच्या नव्या सामन्यांचे व्हिडिओ दाखवायला जायचो, तर फोन बाजूला सारत. "व्हिडिओत मुंगी पळते. त्यात काय बघायचं?"

मग जूनमध्ये टोबीचा संघ आमच्याकडे आला. आमच्याकडे अंगापिंडाची माणसं कमी, म्हणून दादा बचावालाही उभे राहत. त्या दिवशी पहिल्यांदाच टोबी त्यांच्या समोरच्या बाजूला होता. उत्तरार्धात त्याने चेंडू घेतला आणि आमच्या कडेला वळला. मध्ये फक्त दादा होते. ते कबड्डीतल्यासारखे हात पसरून, गुडघ्यात वाकून उभे राहिले. त्या हातांतून कुणी सुटलेलं मी पाहिलं नव्हतं. टोबी सरळ त्यांच्यावर आला, एका पायावर क्षणभर थांबला, खरोखर थांबला, जणू त्याला कुठे जायची घाईच नाही. आणि पुढच्या क्षणी तो तिथे नव्हता. दादांचे हात हवेवर मिटले.

डेक्लन गळा फाडून ओरडत होता, "डिग्ज! आफ्टर हिम!" दादा धावले नाहीत. वळले आणि माझ्यापासून चार पावलांवर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. टोबी पार शेवटच्या रेषेपर्यंत गेला, ते सगळं त्यांनी पाहिलं. शिरस्त्राणाच्या जाळीआड त्यांचं तोंड उघडं होतं. देवळाच्या गाभाऱ्यासमोर माणसं उभी राहतात तसे ते उभे होते, आणि ही उपमा मी गमतीने देत नाही.

सामन्यानंतर क्लबात चहा-सँडविच असतं. दोन्ही संघ जमले होते. दादा कप खाली ठेवून सगळ्यांसमोर टोबीकडे गेले आणि त्यांच्या त्या मोडक्यातोडक्या नसलेल्या, पण पेणच्या जड सुरातल्या इंग्रजीत म्हणाले, "नाही म्हणणारा मी होतो. तीन वर्षं तू माझ्या पाठीमागे होतास. मी तुला एकदाही पाहिलं नव्हतं." मोठमोठी माणसं आपापल्या कपांत बघू लागली. टोबी हसला आणि म्हणाला, "तिकडे पैसे मिळतात, डिग्ज. पण तिकडे पहिल्याच पावलाला मार बसतो."

त्या वर्षाच्या शेवटी कंपनीने दादांना पुण्याला बोलावून घेतलं आणि ते वहिनींसह कायमचे गेले. क्लबाने कुणाला पैसे द्यावेत यावर आमच्यात अजून वाद होतात. मीही बोलतो, आणि दोन्ही बाजूंनी बोलतो.

पण त्या सामन्याच्या संध्याकाळी घरी जाताना मी त्यांना सरळ विचारलं होतं, "दादा, मग द्यायला हवे होते का पैसे?" नदीवरचा पूल येईपर्यंत ते काचेतून बाहेर बघत राहिले. मग पुलावर, अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पोरगं स्वस्तात मागत होतं रे."