वीतभर जागा

मास्तर म्हणजे शिंपी. शाळेशी संबंध नाही. कानामागे खडू. ओठांत टाचणी, त्यामुळे शिव्याही दात न उघडता. बोलताना नजर समोरच्याच्या खांद्यांवर. माप उस्तादाने दिलेल्या कापडी टेपने, आखणी लाकडी पट्टीने. कपडा घट्ट झाल्याची तक्रार आली, की ठरलेलं उत्तर: "तुमचं अंग सुटलंय." अर्ध्या गल्लीने त्यापायी रात्रीचं जेवण सोडलं होतं.

अशा माणसाने एका सकाळी स्वतःचं अंगण मोजलं. वडिलांनी दोघा भावांना तीस-तीस फूट वाटून दिलेली जागा. मास्तरांची वीतभर कमी भरली. कुंपणापलीकडे, भाऊ गेल्यापासून, वहिनी एकटीच राहत होती. चोर शोधायला लांब जावं लागलं नाही.

मास्तरही एकटेच. दुपारी कुंपणावरून वहिनीची भाजीची वाटी यायची, तेवढंच त्यांचं गरम जेवण. पण तत्त्वापुढे पोट काय! त्यांनी कुंपणाचा पहिला खांब उपटला.

वहिनी वाटी घेऊन आली. "भावजी, आज खांबाला सदरा शिवताय?"

"तुम्ही माझी वीतभर जागा खाल्लीत."

"अगं बाई! तरीच म्हटलं, पोट जड का."

"हसा. कुंपण सरकवतोच. आणि ती वाटी नको मला."

"नको तर नको." ती वळली. मग थांबली. "आधी माझंही मोजा. किती खाल्लंय ते कळू दे."

मास्तरांनी ऐटीत मोजलं. तिचीही वीतभर कमी.

"आता माझी कोणी खाल्ली?"

वहिनीने नवऱ्याच्या हत्यारपेटीतला लोखंडी टेप आणला. दोन्हीकडे तीस फूट, तंतोतंत. मग दोन्ही टेप शेजारी शेजारी धरले. मास्तरांचा टेप ओढून ओढून लांबला होता. त्यामुळे सगळंच कमी भरायचं. अंगणही, गिऱ्हाइकंही.

"तरीच तुमचे भाऊ लग्नात तुम्ही शिवलेल्या कोटात श्वास रोखून उभे होते," वहिनी म्हणाली. "मला वाटलं, मला बघून."

मास्तरांनी टेप पुन्हा गळ्यात घातला. "वाटी... गार झाली असेल ना?"

"गरम करते. तोवर खांब लावून टाका."

नवा टेप त्यांनी दुसऱ्याच दिवशी आणला. तो वेष्टनासकट खिळ्याला लटकतोय. गळ्यात जुनाच. वाटी हल्ली कुंपणावरून येत नाही, फटीतून येते. खांब भिंतीला टेकलेला आहे. नीट माप घेऊन बसवायचाय, म्हणतात.