नाकमुरडेंनी वेग वाढवला

नाकमुरडे हे त्यांचं आडनाव नव्हतं. पण सगळी गल्ली त्यांना त्याच नावाने ओळखायची, आणि खरं सांगायचं तर कागदोपत्री आडनावापेक्षा हेच त्यांना जास्त शोभायचं. धंदा होता लोकांचे दात बनवण्याचा. दातांच्या डॉक्टरकडून तोंडाचे साचे यायचे, त्यात प्लास्टर ओतून जबडा काढायचा आणि त्यावर बेतून दात घडवायचा. साचा यायचा तोच मुळी कुणाच्या तरी थुंकीने चिकट झालेला, कधी आत सकाळच्या न्याहारीचा कण अडकलेला. नाकमुरडे एकावर एक दोन हातमोजे चढवून, श्वास रोखून तो नळाखाली धरायचे. "शी, माणसं आहेत की उकिरडे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

बरं, किळस कामापुरती राहिली असती तर एक वेळ चाललं असतं. ती जेवणाच्या टेबलापर्यंत आली. दिवसभर जबडे हाताळल्यावर समोर कुणी घास चावताना दिसलं की त्यांना नळाखालचे साचे आठवायचे. मग ते आपलं ताट उचलून कामाच्या खोलीत जायचे आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचे. टेबलाशी बायको एकटी. तिने एकदाच विचारलं होतं, "माझ्याही तोंडाची किळस येते का हो?" नाकमुरडे "तसं नाही गं" म्हणाले खरे, पण ताट उचललंच.

मग डॉक्टरने तोंडात फिरवायचा कॅमेरा घेतला. आता साचा नको, प्लास्टर नको, जबड्याचं चित्र थेट संगणकावर. नाकमुरडेंना आकाश ठेंगणं झालं. त्या भरात त्यांनी बायकोला शब्द दिला, "हे साचे एकदा घरातून जाऊ देत, मग मी रोज तुझ्यासमोर बसून जेवेन." टेबलाजवळची दुसरी खुर्ची, जिच्यावर इस्त्रीचे कपडे पडलेले असायचे, ती बायकोने त्याच दिवशी रिकामी केली.

अडचण संगणकाची होती. तो नाकमुरडेंनी घरी जोडलेला. दुकानातला तयार नको, कारण त्याच्यावर कोण कोण शिंकलं असेल याचा भरवसा नाही. सुटे भाग आणून, एकेक स्पिरिटने पुसून त्यांनी तो उभा केला होता. वर प्लास्टरची धूळ आत जाऊ नये म्हणून पुढच्या पंख्याच्या जाळीवर डॉक्टरकडचे मास्क चिकटवले होते. इतक्या निगुतीने वाढवलेला संगणक डॉक्टरची रंगीत चित्रं उघडताना मात्र मान टाकायचा. जबडा अर्धामुर्धा, करड्या तुकड्यांत उमटायचा आणि तिथेच थिजायचा. डॉक्टर म्हणाला, चित्रं उघडत नसतील तर साचेच पाठवतो.

त्यांनी मेहुण्याला फोन लावला. त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं.

"नवा कशाला घेताय, भावोजी? तुमचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतो. म्हणजे कंपनीने आखून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा. वेग जरासा वाढवा, लागलं तर व्होल्टेज जरासं वाढवा, आणि तापतो किती त्यावर नजर ठेवा. जुनी पेस्ट काढून नवी लावा मात्र." हे सगळं तो काहीतरी कुरकुरीत चावत सांगत होता. एकेक चावा नाकमुरडेंच्या कानात फुटत होता.

"तू आधी गिळ," ते म्हणाले, "मग बोल."

प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा ठोकळा यांच्यामध्ये ती पेस्ट असते. जुनी वाळून दातांवरच्या किटणासारखी झाली होती. नाकमुरडेंनी ती दात खरवडायच्या हत्यारानेच काढली. नवी पेस्ट राखाडी, बुळबुळीत. ती बघूनच त्यांना शिसारी आली. कसाबसा एक थेंब ठेवला, ठोकळा बसवला, संगणक सुरू होताना कळ दाबून सेटिंगचा पडदा उघडला आणि वेग एक पायरी वर नेला. चाचणी लावली. तापमानाचा आकडा चढत गेला आणि संगणक खटकन बंद पडला. पेस्ट कमी झाली असेल म्हणून पुन्हा उघडून जास्त लावली. ती बाजूने ओघळली. पुसली, परत लावली, परत बंद. दुपारपर्यंत हातमोजे, टेबल, कोपर, सगळं राखाडी झालं होतं आणि नाकमुरडेंना स्वतःच्या हाताचा वास सहन होत नव्हता.

"भावोजी, पंखा हवा कुठून ओढतो?" मेहुण्याने फोनवर विचारलं.

"मास्कमधून."

मेहुण्याचं चावणं थांबलं. मग तो इतका हसला की नाकमुरडेंनी फोन कानापासून लांब धरला.

मास्क सोलून काढले तेव्हा त्यांवर ओलसर, जाड थर चिकटलेला निघाला. प्लास्टरची धूळ, केस, कोंडा, कातडीचे पापुद्रे. चिमट्यात धरून त्यांनी तो लांबूनच न्याहाळला. या खोलीत त्यांच्याशिवाय कुणी पाऊल टाकत नव्हतं. हा विचार त्यांनी चिमट्यासकट कचऱ्यात टाकला.

यावेळी मात्र आकडा चढला आणि मध्येच थांबला. संगणक तगला. नाकमुरडेंनी वेग आणखी वाढवला, तरी तगला. डॉक्टरने नमुन्याला म्हणून एक चित्र पाठवलं होतं, नाव नसलेलं. ते त्यांनी उघडलं.

जबडा क्षणात पडदाभर उमटला आणि न अडखळता गरगर फिरायला लागला. लाल, ओला, चकाकणारा. हिरड्या सुजलेल्या, मागच्या दातांवर पिवळं किटण, कडेला लाळेची तार. करड्या तुकड्यांत हे काहीच दिसत नव्हतं. प्लास्टर तर बिचारं पांढरं आणि कोरडं होतं. नाकमुरडेंनी खुर्ची मागे सरकवली. ताट वाढलंय म्हणून बोलवायला आलेल्या बायकोला त्यांनी दाखवलं, "बघ. हा गलिच्छ माणूस दात घासतो की नुसता ब्रश भिजवतो? अशांसाठी मी राबायचं."

बायकोने पदराला हात पुसले, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हे तुमचं तोंड आहे."

"काहीतरीच."

"तो खालचा आडवा दात, आणि बाजूच्याचा उडालेला टवका. तुमचंच आहे."

कॅमेरा आला त्या दिवशी डॉक्टरने मजा म्हणून त्यांनाच खुर्चीत बसवून त्यांच्या तोंडात तो फिरवला होता. नाकमुरडेंची जीभ आपोआप त्या टवक्याशी गेली. तो तिथेच होता.

"तुला कसं कळलं?"

"एवढी वर्षं घोरताना कोण बघतं? ओरडताना कोण बघतं?"

"मग किळस नाही येत?"

"येते की," बायको सहज म्हणाली. "म्हणून काय मी ताट घेऊन भिंतीकडे जाऊन बसू?"

ती निघून गेली. पडद्यावर तोंड फिरतच होतं. वेग पुन्हा कमी करून टाकावा असं नाकमुरडेंना फार वाटलं. ते टेबलाशी आले आणि सवयीने ताट उचललं. पालेभाजी होती. रिकाम्या खुर्चीसमोर बायको जेवायला लागली होती, आणि चावत होती.

ताट हातात धरून ते उभे राहिले. कुठल्याही खोलीत नेलं तरी तोंड बरोबर येणारच होतं. त्यांनी ताट खाली ठेवलं, खुर्ची ओढली आणि पहिला घास चावताना स्वतःच मनात म्हणाले, शी.