कटला माझा, कौतुक मुकुंदाचं

मुकुंद गेल्याचं मला भदौरियांनी फोनवर कळवलं, आणि रडू येण्याआधी मनात आलं, ह्यांना माझ्याआधी कसं कळलं? तिघऱ्याच्या तलावावर अर्धं आयुष्य त्याच्या शेजारी गळ टाकून मी बसलो, भदौरिया त्याचे कालपरवाचे स्नेही...

मासे धरण्याचे त्याचे नियम कडक होते. हात ओले केल्याशिवाय माशाला शिवायचं नाही, लहान मासा पाण्यातच मोकळा करायचा. ज्यानं गळ खोल गिळलाय तो सोडला तरी जगत नाही, म्हणून तो घरी न्यायचा, मग काटे कितीही असोत, खायचाच. मी हे सगळं पाळत होतो, पण आमच्या पेठेत, खासगी बाजारात, नाव मुकुंदरावांचंच.

एका ज्येष्ठात माझ्या गळाला आयुष्यातला सर्वांत मोठा कटला लागला. दमवून काठाशी आणला, तर मादी, पोट गाभोळीनं तट्ट फुगलेलं. मी म्हटलं, पावसाळ्याची बंदी लागायला अजून अवकाश आहे, यार. मुकुंद एवढंच म्हणाला, "मासा तुझा आहे. तूच ठरव." तो रागावला असता तर मी ती खुशाल घरी नेली असती. गुडघाभर पाण्यात उभं राहून, तिचे कल्ले नीट हलू लागेपर्यंत तिला धरलं आणि सोडलं. मुकुंदानं ही गोष्ट खासगी बाजारात सगळ्यांना सांगितली. ऐकणारे म्हणाले, संगत कुणाची आहे बघा.

शोकसभेत भदौरियांनी तर तो कटला मुकुंदानंच सोडला म्हणून सांगितलं. मी उठणार होतो, पण समोर त्याची बायको, आमच्या वहिनी, बसल्या होत्या...

पुढच्या आठवड्यात माधवगंजात वहिनींकडे गेलो आणि न राहवून बोललोच. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "ठाऊक आहे, भाऊजी. त्या दिवशी हे धड जेवले नाहीत. म्हणाले, माझ्या गळाला लागला असता तर मी नसता सोडला. फार जळायचे तुमच्यावर."

त्यांनी आतून त्याचा पत्र्याचा डबा आणून हातात दिला. आत गळ होते, प्रत्येकाचा उलटा दात कानशीनं घासून काढलेला, माशाचं तोंड फाटू नये म्हणून. मी एकावरून बोट फिरवलं, कुठेही खरखर नव्हती. आता संध्याकाळी माझे गळ घासत बसतो. इतके गुळगुळीत अजून होत नाहीत.