अण्णांनी त्या दिवशी काय पुकारलं

निरोप मानवतला शाळेत आला, तोही तोंडी. परभणीहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं गेटवर उभं राहून सांगितलं, "मास्तर, तुमच्या भास्करअण्णाचा आवाज बंद झाला. घरच्यांनी लगेच बोलावलंय." भास्करअण्णा म्हणजे माझे चुलतभाऊ. परभणीच्या 'दोस्त पब्लिसिटी'चे अर्धे मालक. रिक्षात बसून, कर्ण्यातून गावभर जाहिराती पुकारणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यामुळे घसा बसणं काही नवीन नव्हतं. मी बाजारातून ज्येष्ठमधाची पुडी घेतली आणि पुढची गाडी पकडली. अण्णांच्या दारात चपलांचा ढीग दिसला, लोकांनी सरकून वाट दिली, तरी माझ्या डोक्यात उजेड पडेना. सिंधूवहिनींनी माझ्या हातातली पुडी उघडून बघितली आणि म्हणाल्या, "हे कशाला आणलं, भावजी?" तेव्हा कुठं उमगलं... अण्णा सकाळी चहा घेता घेताच गेले होते.

दीड महिना होत आला. अण्णांवर लिहायला बसतो आणि दर वेळी एकाच दिवसापाशी अडतो. तो दिवस मला तेव्हाही कळला नव्हता, आजही कळत नाही.

'दोस्त पब्लिसिटी'चे दुसरे मालक किसन पेंटर. दोघांची गाठ पडली ती एका फिरत्या टॉकीजच्या तंबूत. अण्णा बाहेर उभं राहून खेळ पुकारायचे, किसन पेंटर बोर्ड रंगवायचे. तंबू उठून पुढच्या गावी गेला, हे दोघं मागं राहिले आणि मोंढ्याजवळ एक खोली घेऊन बसले. भिंती, कापडी फलक, सिनेमाच्या मध्यंतरातल्या काचेच्या स्लाइडी हे किसन पेंटरकडं आणि तोंडाचं सगळं काम अण्णांकडं. "मेहेरबान, कदरदान, परभणीकर बंधू-भगिनींनो" अशी सुरुवात करून अण्णा मिश्रीपासून पंपापर्यंत काहीही अशा थाटात पुकारायचे की घरातल्या बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या. किसन पेंटर बौद्ध समाजातले. अण्णा आमच्या घरातले, म्हणजे पाटीलकी कधीच गेली होती, पण तोरा शिल्लक होता. दोघं एकाच डब्यात जेवतात, हे आमच्या थोरल्या काकांना पसंत नव्हतं. अण्णा त्यावर वाद घालत नसत आणि जेवणही सोडत नसत.

मग अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा आला. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. खेड्यांतून वस्त्या जाळल्याच्या बातम्या रोज यायला लागल्या. किसन पेंटरची बहीण राणीसावरगावच्या बाजूला दिलेली होती. ती लेकरं घेऊन, अंगावरच्या कपड्यांनिशी भावाच्या दारात येऊन उभी राहिली. घर राहिलं नव्हतं. त्याच आठवड्यात काही मंडळी दुकानात आली. नामांतराच्या विरोधात बंद होता, तो गावभर पुकारायचा होता. मी सुटीला परभणीत आलो होतो, दुकानातच बसलो होतो. किसन पेंटर कोपऱ्यात रंग कालवत होते. त्या मंडळींनी मजकुराचा कागद पुढं केला आणि अण्णांनी तो घेतला. "उद्या सकाळी निघू," एवढंच म्हणाले. किसन पेंटरनी ब्रश पुसला, चप्पल घातली आणि निघून गेले. अण्णांनी त्यांना हाक मारली नाही. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा निघाली. मागं मोटारसायकलवर बंदवाल्या मंडळींतली दोन पोरं. मी सायकलवर होतो, थोडं अंतर राखून. बाजारातल्या चौकात रिक्षा थांबली, अण्णांनी माईक तोंडाला लावला. "मेहेरबान, कदरदान..." आणि मग त्यांनी साड्या पुकारल्या! इरकल, नारायणपेठ, लग्नसराईसाठी खास, एकदा तरी पाहून जा. त्या साड्यांचा सेल होऊन किती तरी महिने लोटले होते. लोक एकमेकांकडं बघायला लागले. कुणी हसलं. त्या पोरांना वाटलं, गर्दी जमवायची ही अण्णांची तऱ्हा असेल. पुढच्या चौकात पुन्हा साड्या. तिसऱ्या ठिकाणी साड्या संपून मिश्री सुरू झाली, तेव्हा मात्र पोरांनी त्यांना खाली ओढलं. कर्णा फोडला, अण्णांनाही मारलं. मी सायकल टाकून धावलो तोवर अण्णांचं तोंड रक्तानं भरलं होतं.

समोरचे दोन दात गेले. तेव्हापासून त्यांच्या 'स'मधून बारीक शीळ निघायची. परभणीकरांना तीच अण्णांची खूण झाली.

दवाखान्यात मी विचारलं, "अण्णा, असं का केलं?" ते सुजल्या तोंडानं म्हणाले, "अरे, मुद्दाम न्हाई रे. तोंडात बसलेलं तेच बाहेर आलं. सवय." मीही ती सवयच असं धरून चाललो. पुढं बोलता बोलता वहिनी म्हणाल्या, त्यांना अण्णांनी वेगळंच सांगितलं होतं. "म्हणले, लय भ्यालो होतो. किसनच्या वस्तीतूनबी रिक्षा न्यायची होती, दगडं बसले असते." म्हणजे भीती? पण मग दगडांच्या भीतीनं मार कसा पत्करला? आणि थोरल्या काकांनी दरडावून विचारलं तेव्हा अण्णांनी माझ्यादेखत सांगितलं, "आपण विरोधातच हाव. कर्ण्याची मशीन बिघडली, त्याला मी काय करू?" यातलं कुठलं खरं? की प्रत्येकाला ज्याचं त्याचं उत्तर दिलं?

किसन पेंटर दवाखान्यात आले नाहीत. वहिनींना ते फार लागलं. पुढंही बरेच दिवस ते दिसले नाहीत. मग एका सकाळी मी दुकानात गेलो तर ते शिडीवर चढून कुठल्याशा बियाण्याचा फलक रंगवत होते आणि अण्णा खालून म्हणत होते, "कणीस जरा ठसठशीत काढ, पिकल्यासारखं दिसू दे." त्या दिवसाबद्दल दोघांत कधी शब्द झाला नाही. यंदा संक्रांतीला विद्यापीठाला नवं नाव मिळालं. दुकानावरून गुलालात न्हालेली मिरवणूक गेली, तेव्हाही अण्णा ना नाचले, ना आत गेले. फक्त उठले, मिरवणुकीतल्या गाडीपाशी जाऊन एक बटण फिरवलं आणि परत येऊन बसले. "कर्णा शिट्टी मारायलाय. लोकाचे कान फुटतेत."

तेराव्यानंतर किसन पेंटर घरी आले. माझ्याच्यानं राहवलं नाही. "किसनभाऊ, तुमी कधी विचारलं का न्हाई अण्णांना? त्या दिवसाचं?"

"न्हाई."

"का?"

"विचारलं असतं तर त्यानं कायतरी सांगितलं असतं," ते म्हणाले. "अन् दवाखान्यात आलो असतो तर विचारलंच असतं मी."

वहिनींनी आतून अण्णांचा तसबिरीत घातलेला फोटो आणला. किसन पेंटरनी रंगाची डबी उघडली. त्यांनी काचेवर खालच्या बाजूला खडूनं दोन रेघा आखल्या. पहिल्या रेघेवर पांढऱ्या रंगात अण्णांचं नाव उतरलं. दुसऱ्या रेघेपाशी ब्रश थांबला.

"खाली काय लिहू, मास्तर? कोण होते म्हणून लिहू?"

मी वहिनींकडं बघितलं, वहिनींनी माझ्याकडं. किसन पेंटरनी थोडी वाट पाहिली आणि ब्रश पुसून ठेवला. "राहू दे मग," म्हणाले.

परवा गेलो होतो. वहिनी रोज तसबीर पुसतात, काच लख्ख होती. नावाखालची ती खडूची रिकामी रेघ मात्र त्यांनी फडक्यानं वळसा घालून तशीच ठेवली आहे.