कंपनीचं पाणी

ताई सासरी, हमरापूरला, गणपतींच्या कारखान्यात आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. रंग कुणीही मारतो, डोळे मात्र एखादीच्याच हाताला जमतात. आमच्या घरच्या गणपतीचे डोळे तिनेच आखलेले असत, आणि मी आल्यागेल्याला ते कौतुकाने सांगत असे.

मी रोह्याला केमिकल कंपनीत. ताईच्या हातांचा ऑइल पेंट रॉकेलने धड निघत नाही हे पाहून मला नको ते शहाणपण सुचलं. कंपनीत यंत्रं धुवायला सॉल्व्हंट वापरत, त्याने रंग एका पुसण्यात जायचा. मग दर महिन्याला एक कॅन गुपचूप मोटरसायकलला अडकवून हमरापूरला. ताई त्याला कंपनीचं पाणी म्हणायची, आणि शेडमधल्या बायकांना सांगायची, भाऊ असावा तर असा. कंपनीत ते हाताळताना आम्हाला हातमोजे सक्तीचे होते. तिच्यासाठी एक जोडी न्यावी, हे सहा वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

मग थंडीत तिची बोटं पांढरीफटक पडायला लागली, नंतर निळी. कातडी ताठ होत गेली, मूठ मिटेना. पनवेलच्या डॉक्टरांनी स्क्लेरोडर्मा सांगितला. यात शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते. एखाद्या माणसाला तो कशामुळे झाला हे ठामपणे सांगता येत नाही, पण काही सॉल्व्हंटमुळे धोका वाढतो, असं म्हणून त्यांनी विचारलं, कामात हाताला काय काय लागतं?

"रंग नि रॉकेल," ताई म्हणाली.

सॉल्व्हंट हा शब्द तिच्या ओळखीचा नव्हता. कंपनीतून आणलेल्या वस्तूचं नाव परक्यापुढे घ्यायचं नाही, एवढंच तिला कळत होतं. मला मात्र सगळं कळत होतं आणि मी गप्प बसलो. नोकरी जाईल ही भीती, दुसरं काही नाही. तिच्या घरी परतल्यावर निदान तो कॅन उचलायचा, तर तेही केलं नाही, कारण का उचलला ते सांगावं लागलं असतं. आणखी दोन महिने ती त्यानेच हात पुसत राहिली. त्या दोन महिन्यांची मला आजही लाज वाटते.

हंगामाच्या तोंडावर एका मूर्तीचा डोळा तिच्या हातून तिरका गेला. तिने ब्रश धुऊन ठेवला आणि परत हातात घेतला नाही. त्या संध्याकाळी तिच्या ओटीवर बसून मी तिला सगळं सांगितलं.

"डाक्टरांनी विचारलं, तवा तुला ठावं व्हतं?"

मी हो म्हणालो. ती उठून आत गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना कॅनचं सांगितलं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं आणि विचारलं, मागच्या वेळी का नाही बोललात?

ताई आपल्या बोटांकडे बघत म्हणाली, "तवा त्याला म्हायीत नव्हतं."